पगारे काकांची खूण

पगारे काकांची बेल वाजवली की आधी आतून प्रश्न येतो, "खूण सांगा."

पहिल्यांदा मी नाव, हुद्दा, कंपनी, सगळं सांगून पाहिलं. दार ढिम्म. "नाव कुणीपण सांगेल," आतून आवाज आला. शेवटी, परवा जिन्यात तुमची पक्कड मागून नेऊन परत न करणारा तो मी, असं म्हटल्यावर दार उघडलं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला हा माणूस दूधवाल्याला आणि सख्ख्या मेव्हण्यालाही खूण विचारतो. गंगापूर रोडवरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीने त्यांना चक्रम ठरवलंय. मला मात्र गुरुबंधू भेटल्यासारखं वाटलं, कारण बनावट माल ओळखणाऱ्या चिप बनवणं हाच माझा धंदा.

एकदा बाकावर गाठून मी त्यांना सगळं समजावलं. शुगर मोजायच्या मशीनच्या अस्सल सेन्सरमध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान चिप असते. मशीन तिला दर वेळी नवा प्रश्न विचारतं आणि उत्तर फक्त अस्सल चिपलाच येतं. चिप वीजही नावापुरतीच खाते. माझ्या बायकोला इथवर हमखास झोप लागते. काका मात्र जागे होते.

"आणि मशीनच विसरलं तर?" त्यांनी विचारलं.

मशीन विसरत नसतं, असं मी ऐटीत सांगितलं.

यंदाच्या थंडीत एका संध्याकाळी पक्कड परत करायला गेलो, तर काका मेथीची जुडी घेऊन स्वतःच्याच दाराबाहेर उभे. आतून काकूंनी विचारलं, "खूण सांगा."

"मनमाड स्टेशनात तुझी चप्पल रुळावर पडली. मी माझी दिली न् अनवाणी लग्नाला आलो."

"मला नाही आठवत."

काकांनी हळू आवाजात मला सांगितलं, की काकूंचं विसरणं फार वाढलंय. प्रश्न मूळचा काकूंचाच. आपण एकट्याच विचारतो असं त्यांना वाटू नये, म्हणून काका सगळ्यांना विचारायचे. किल्ली खिशात होती, पण ती लावून आत गेलं की काकू घाबरतात.

काकांनी आणखी दोन खुणा सांगून पाहिल्या. दार ढिम्म. प्रश्नोत्तरांवर पोट भरणारा मी हातातली पक्कड नुसती उघडमीट करत राहिलो.

मग दार किलकिलं झालं. काकूंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"खूण काही पटली नाही," त्या म्हणाल्या, "पण आत या. बाहेर गारठा आहे."

काकांनी पाहुण्यासारख्या चपला बाहेरच काढल्या, "आभारी आहे" म्हणाले आणि अंग चोरून स्वतःच्या घरात गेले.