अकरा दिवसांच्या राजाचं नाणं

संग्रहालयाच्या भांडारपालाने मंगळवारी दुपारी तेवीस नाण्यांखालच्या तेवीस चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या, आणि सकाळपासून गेलेली वीज त्याच क्षणी परत आली. पंख्याचं बटण पाचावर होतं. चिठ्ठ्या उडाल्या. त्या धरायला तो झेपावला, तेव्हा त्याचं कोपर ट्रेला लागलं आणि नाणीही खाली गेली. घरंगळण्याचा शेवटचा आवाज कपाटाखाली थांबला, तेव्हा भांडारपाल गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या हातात फक्त एक चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘राजाचा डावा कान (अंदाजे).’

नाणी चांदीची होती, आणि इतकी झिजलेली की राजे, देव, घोडे, सनावळ्या सगळं शतकानुशतकांच्या खिशांनी पुसून नेलं होतं. संग्रहालयासाठी नाण्यांचं संशोधन करणाऱ्या सरांनी दोन वर्षं भिंगाखाली डोळे फोडून एकेक नाणं ओळखलं होतं. कुठे अक्षराचं शेपूट, कुठे मुकुटाचे तीन ठिपके, कुठे नुसता घोड्याचा गुडघा. त्या दोन वर्षांचं पुस्तक छापून होत आलं होतं. शुक्रवारी सर त्याच्या प्रती घेऊन येणार होते आणि पुस्तकाबरहुकूम एकेक नाणं काचेच्या कपाटात लावणार होते.

भांडारपालाने सगळी नाणी गोळा केली. तेवीस भरली. चिठ्ठ्या बावीसच भरल्या. तेविसावी खिडकीतून बाहेर जाऊन बागेच्या नळाखाली पडली होती. ती उचलली तेव्हा तिच्यावरची शाई नाण्यांपेक्षा जास्त झिजली होती. ‘...बाजू अस्पष्ट, परंतु...’ एवढंच शिल्लक होतं.

चिठ्ठ्यांवर वजनं होती, पण चौदा नाण्यांची वजनं केसाच्या फरकाने सारखी, आणि संग्रहालयाचा काटा जरा जाड बुद्धीचा. फोटो होते, पण त्यांत सगळी नाणी एकाच करड्या पापडासारखी दिसत होती. संध्याकाळपर्यंत त्याने तीन नाणी ओळखली, मग त्यांतल्या दोनांबद्दल शंका आली आणि शेवटी तिसऱ्याबद्दलही.

“आता काय करणार?” घरी बायकोने विचारलं.

“राजीनामा.”

“त्याआधी जेवून घ्या.” तिने ताट वाढलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, “माझ्या बाबांना बोलवू या का?”

“ते कंडक्टर होते गं.”

“बत्तीस वर्षं. दिवे गेलेल्या बसमध्ये खोटं नाणं नुसत्या अंगठ्याने कळायचं त्यांना. तुमचे सर तरी आणखी काय करतात? भिंग जास्त.”

बुधवारी सकाळी सासरे हजर झाले. त्यांनी आधी खोलीकडे पाहिलं, मग पंख्याकडे आणि मग जावयाकडे.

“जावईबापू, पंखा बंद करा. आणि हात धुऊन या, घामाने चिकट झालेत.”

मग डोळे मिटून ते खुर्चीत टेकून बसले आणि एकेक नाणं अंगठ्याखालून फिरवू लागले. भांडारपाल चिठ्ठ्या वाचत होता.

“‘राजाचा डावा कान, अंदाजे.’”

“हा घ्या कान. अंदाजे कसला, चांगला वाटाण्याएवढा आहे.”

“‘घोड्याचा गुडघा.’”

“हा. पण कोपर असावं माणसाचं.”

“सरांनी गुडघा लिहिलंय, बाबा.”

“मग गुडघा.”

“‘मागील बाजू, काहीही नाही. पुढील बाजू, तसेच.’”

सासऱ्यांनी बराच वेळ चाचपलं. “असली पाच आहेत.”

“मेलो!”

“थांबा हो. त्यांतलं सगळ्यात जास्त ‘काही नाही’ कुठल्यावर आहे, ते बघतो.”

दोन दिवस असं चाललं. भांडारपालाचे गाल आत गेले. झोपेत तो “शेपूट उजवीकडे” असं ओरडून उठला, असं बायकोने सांगितलं. पण गुरुवारी संध्याकाळी, संग्रहालय बंद व्हायच्या आत, बावीस नाणी आपापल्या चिठ्ठीवर बसली होती. काटाही त्यांच्याविरुद्ध काही बोलला नाही. उरलं एक नाणं, आणि ती भिजलेली चिठ्ठी.

उरलेलं नाणं कोणतं, हे न वाचताही कळत होतं. संग्रहालयाचा मुकुटमणी! ज्याने फक्त अकरा दिवस राज्य केलं, त्या राजाचं जगातलं एकमेव नाणं. ते इतरांहून हलकं होतं, आणि का हलकं होतं, यावर सरांनी चाळीस पानं लिहिली होती. खजिना रिकामा होता, म्हणून राजाने चांदीत भेसळ केली.

सासऱ्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि पहिल्यांदाच डोळे उघडले.

“हे नाणं नव्हे.”

“बाबा, असं बोलू नका.”

“हे काय, वर भोक होतं, मळाने बुजलंय. खिळ्याला अडकवायचं. चांदीही नाही. आणि इथं सतरा आकडा आहे. सामान ठेवायला देतो ना आपण, तेव्हा मिळतो तसला बिल्ला आहे हा.”

भांडारपाल खाली बसला. तीन दिवस जिवाचं रान करून त्याने सगळं पूर्ववत केलं होतं आणि पूर्ववत केल्यामुळेच आता त्याला हे कळलं होतं. सरांचं दोन वर्षांचं काम, चाळीस पानं, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा याचाच फोटो! हे सरांच्या तोंडावर सांगायचं कोणी? आणि न सांगता जगायचं कसं?

शुक्रवारी सर आले ते डोळ्यांना काळा चष्मा लावून. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा मोतीबिंदू काढला होता. हातातलं पुस्तकांचं बांधलेलं गाठोडं त्यांनी तसंच खाली ठेवलं आणि दार लावून घेतलं. कोपऱ्यात सासरे बसले होते. त्यांच्याकडे सरांचं लक्षच गेलं नाही.

“भांडारपाल, मी संपलो,” सर म्हणाले. “पट्टी काढल्यावर नव्या डोळ्याने पहिल्यांदा काय पाहिलं असेल मी? पुस्तकाचं मुखपृष्ठ. ज्याला मी उगारलेली तलवार समजत होतो तो एक आहे हो, एक! आणि शेजारचा सिंह म्हणजे सात!”

भांडारपालाने ट्रे हळूच मागे सरकवला.

“पाचशे प्रती छापून झाल्यात.” सरांचा आवाज खाली आला. “एक विचारू? समजा, चुकून... ट्रे वगैरे सांडला असता, चिठ्ठ्या इकडच्या तिकडे झाल्या असत्या, तर भलतीच वस्तू मुखपृष्ठावर गेली असं म्हणता आलं असतं. असं काही कधी झालं होतं का?”

तीन दिवस घोकलेला कबुलीजबाब भांडारपालाच्या जिभेवर होता. पण अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीची सवय त्याच्याही आधी बोलून गेली.

“छे छे सर! माझ्या हातून असं होणं शक्यच नाही.”

सर मटकन खुर्चीत बसले.

“खोटं बोलतायत,” कोपऱ्यातून सासरे म्हणाले. “मंगळवारी सगळं उधळलं होतं. दोन दिवस मी लावत बसलोय.”

सर उठले. त्यांनी भांडारपालाचे दोन्ही हात धरले, आणि काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं. “अहो, मग बोलत का नाही? देव तुमचं भलं करो! कागद घ्या. लिहा.”

“पण सर, फोटो तर गेल्या वर्षीचा आहे.”

“तारीख घालू नका.”

“आणि बिल्ला काही वाऱ्याने आत आला नाही,” सासरे म्हणाले.

“तेवढं वाक्य आपण घेणार नाही,” सर म्हणाले आणि खिडकीकडे पाहत सांगू लागले, “‘माझ्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे...’”

“अक्षम्य हवंच का, सर?”

“हवं. संशोधनात शब्द नेमका लागतो.”

भांडारपाल लिहीत गेला. अक्षम्य हलगर्जीपणा, त्याबद्दल वाटणारी लाज, सरांच्या कार्याला पोचलेली अपरिमित हानी. सरांनी दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. शेवटी त्याने खाली कशीबशी सही केली आणि कागद पुढे सरकवला.

सासऱ्यांनी तो उचलून घेतला आणि सहीवरून अंगठा फिरवला.

“जावईबापू, फार हलकी उमटलीय. जरा दाबून करा. पुढं कोणाला तरी वाचता यायला हवी ना.”