कर्नल ग्रॅनाइटचा खांदा

बायकोने, ममताने, फोनवर एवढंच सांगितलं होतं, "शाळा सुटली की आधी गच्चीवर जा, मग खाली या. आणि आईंना काही बोलू नका."

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर जगदीश घरी आला, स्कूटर लावली, दोन जिने चढला आणि गच्चीच्या दारातच थबकला. समोर आईचं जुनं लुगडं पसरलेलं होतं आणि त्यावर श्रावणाचं ऊन खात चौदा मुंडकी पडली होती. मुंडक्यांच्या शेजारी अठ्ठावीस हात, त्यांच्या खाली अठ्ठावीस पाय, आणि कडेला चौदा धडं पालथी घातलेली. वाट्या वाट्यांत, ताटं ताटांत लावावीत तशी ही मांडणी होती. तिच्यात कुठेही गबाळेपणा नव्हता, आणि जगदीशला रडू फुटायला तेवढं पुरेसं होतं.

जगदीश जळगावातल्या एका शाळेत गणित शिकवत असे. त्याला विडी-काडीचं व्यसन नव्हतं, पत्ते नव्हते, राजकारण नव्हतं. त्याला एकच नाद होता, सुपरहिरोंच्या पुतळ्यांचा. वीतभर उंचीचे, हातपाय हलणारे, देशोदेशीच्या कंपन्यांनी बनवलेले हे पुतळे काचेच्या कपाटात उभे असत. जगदीश त्यांच्याशी खेळत नसे. तो त्यांचे सांधे मोजत असे. कोनमापक लावून गुडघा किती अंश वाकतो, कोपराला एक सांधा की दोन, खांद्यात गोळी आहे की नुसती खुंटी, हे सगळं तो एका लांबट वहीत रकाने आखून लिहायचा. नाव, निर्मितीचं वर्ष, प्लास्टिकचा प्रकार, गुडघा, खांदा, शेरा. अकरा वर्षांत, इतरांकडचेही पुतळे मोजून, तीन वह्या भरल्या होत्या.

त्या चौदांपैकी तेरा त्याचे स्वतःचे होते. चौदावा धुळ्याच्या कुंदनचा होता, आणि खरी गोम तिथेच होती.

कुंदनचं धुळ्यात चष्म्याचं दुकान. त्याच्याकडे असा एकच पुतळा होता, कर्नल ग्रॅनाइट, सव्वीस वर्षं जुना, अमेरिकन, दगडासारखा जड, अंगात मोजून पाच सांधे. बोटीवर नोकरी करणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाने तो आणला होता. भाऊ पुढे वारला. त्यामुळे कुंदनने तो पुतळा आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता. जगदीशकडे तोच कर्नल ग्रॅनाइट नव्या जपानी बनावटीचा होता, अंगात चौतीस सांधे, गुडघे दुहेरी, खांद्यात गोळ्या. तीन वर्षं दोघे फोनवर भांडत होते. जगदीश म्हणायचा, हललाच नाही तर तो हिरो कसला. कुंदन म्हणायचा, सांधे कमी तितकी मजबुती जास्त, माझा कर्नल सव्वीस वर्षं एकाच सलामीत उभा आहे, तुझा पंख्याच्या वाऱ्याने पडतो. शेवटी दोन्ही कर्नल शेजारी ठेवून व्हिडिओ करायचा आणि निकाल लावायचा असं ठरलं. मोजमापासाठी कुंदनने काळजावर दगड ठेवून आपला कर्नल आठ दिवस आधी जळगावला पोचवला होता. उद्या, रविवारी संध्याकाळी, तो स्वतः येणार होता.

आणि त्याच रविवारी घरात कानबाई, खानदेशची श्रावणातली देवी, बसणार होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांची, म्हणजे भाऊबंदांनी मिळून खायच्या जाड पोळ्यांची, पाळी यंदा जगदीशच्या घरी आली होती. त्यासाठी त्याची आई, गुंताबाई, भडगावहून चार दिवस आधीच येऊन दाखल झाली होती. कानबाई यायची म्हणजे घरातली एक वस्तू बिनधुतलेली राहता कामा नये, हा तिचा कायदा. गोधड्या झाल्या, डबे झाले, पंख्याची पाती झाली, मग तिची नजर काचेच्या कपाटाकडे वळली.

जगदीश शाळेत पुस्तकी मराठी बोलायचा, पण संकटात त्याची भाषा गिरणाकाठच्या अहिराणीत परत जात असे.

"माय, काय करं तू हाई?"

गुंताबाई पाण्याच्या टाकीला टेकून स्टुलावर बसली होती. "धुई टाकात. केवढी धूय व्हती त्यासवर."

"पन हातपाय कसाले काढात?"

"समई कशी धोतस आपन? खोलीसनी. न खोलता धोयं ते काय धोयं? गरम पानीमा टाकात तं आपेआप निंघनात बठ्ठा." तिने जरा आठवून पुढे सांगितलं, "एक तेवढा आडमुठा व्हता. त्याना हात निंघेच ना. मंग मी जरा वढा."

जगदीशने अठ्ठावीस हातांच्या ओळीतून तो हात बरोबर शोधून काढला. कुंदनच्या कर्नलचा उजवा हात, सलामीचा. खांद्यातली खुंटी मुळापासून तुटली होती. जगदीश तिथेच लुगड्यावर खाली बसला. आईला बोलून उपयोग नव्हता, कारण तिने चूक काहीच केली नव्हती. आठ दिवस कपाटाला कुलूप लावायचं आपल्याला सुचलं नाही, हे त्याला मनातून लागलं. मेलेल्या भावाची एकुलती वस्तू एका माणसाने विश्वासाने दिली आणि आपण ती भांड्यांबरोबर धुऊन मोडली. कुंदनला काय तोंड दाखवायचं, हे गणित त्याला सुटेना.

तोवर खाली भाऊबंद येऊ लागले होते. त्यांतले झुलाल नाना, म्हणजे जगदीशचे धाकटे काका, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यांना गच्चीवरची हकिगत कळली आणि ते चष्मा पुसत वर आले. मागोमाग सात-आठ जण आले. अर्ध्या तासात गच्चीवर कारखाना उभा राहिला. कुणी मुंडकी जोडतंय, कुणी पाय बसवतंय. एका काकूने तर उडणाऱ्या हिरोला पाणबुड्याचे पाय लावले आणि "चालस तं खरं" म्हणून पुढचा हातात घेतला. जगदीश वही उघडून मापं वाचून दाखवत होता आणि काढून पुन्हा लावायला सांगत होता.

नाना कुंदनचा कर्नल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "हाऊ बनावटना पक्का शे. नहीतं तुना जपानी. जितला सांधा, तितला ढिलापना." त्यांनी दाभण तापवलं, खांद्याच्या खोबणीतली तुटकी खुंटी कोरून काढली. आत वाळलेल्या डिंकासारखा पिवळा खडा लागला, तोही खरवडून फेकून दिला. "आते आठे नवी गोळी बसाडनी पडी. याच मापनी. कोठून काढू, सांग."

मापाची गोळी एकाच ठिकाणी होती, जगदीशच्या स्वतःच्या कर्नलच्या उजव्या खांद्यात. हा पुतळा जपानहून यायला तीन महिने लागले होते. खोकं फोडण्याआधी जगदीशने हात साबणाने धुतले होते. मग त्याने आपला कर्नल नानांच्या हातात दिला आणि पाठ फिरवली.

पाठ फिरवली तेव्हा समोर आई होती. तिच्या हातात एका हिरोचा सुटा पाय होता आणि ती त्याचा गुडघा वाकवत होती, सरळ करत होती, पुन्हा वाकवत होती.

"हाऊ कितला वाकस?"

"एकशे पस्तीस अंश," जगदीश म्हणाला.

"मना उजवा तं याना निम्मा बी वाकत नही. मांडी घालाले जमत नही, दोन वरीस व्हई ग्यात." हे तिने तक्रारीने सांगितलं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि तो पाय नानांपुढे ठेवला.

जगदीशच्या तेव्हा लक्षात आलं की चार दिवसांत आई एकदाही जमिनीवर बसलेली त्याने पाहिली नव्हती. भांडी स्टुलावर, जेवण खुर्चीवर, आताही स्टूल. जगातल्या कुठल्या कंपनीचा गुडघा किती वाकतो हे तो झोपेत सांगू शकला असता, आणि ज्या गुडघ्यांवर बसून तिने त्याला जेवू घातलं ते कधी आखडले याची त्याच्या तिन्ही वह्यांत नोंद नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने खिशातून कोनमापक काढलं आणि आईसमोर उकिडवा बसला.

"आते माले बी लिखस का वहीमा?" गुंताबाई म्हणाली, पण तिने पाय पुढे केला.

रविवारी संध्याकाळी कुंदन आला तेव्हा नारळाची कानबाई नथ-पातळ लेवून चौरंगावर बसली होती आणि घरात बावीस माणसं होती. चौदाही पुतळे कपाटात रांगेत उभे होते. खांद्याची गोष्ट बाहेर काढायची नाही, अशी जगदीशने सगळ्यांना शपथ घातली होती. आता भाऊबंदांना शपथ घालणं म्हणजे गोष्ट पाठ करून घेणं, हे गणिताच्या मास्तराला कळायला हवं होतं. जो तो कुंदनला निरखून पाहू लागला. एका काकूने पाणी देताना विचारलं, "हात बरा शे ना?" कुंदनने स्वतःचा हात वर-खाली केला आणि बरा आहे म्हणून सांगितलं. रोट भाऊबंदांखेरीज कुणाला चालत नाहीत, म्हणून ममताने त्याला मुगाची भजी आणि चहा दिला. तोही हाताची विचारपूस करूनच दिला.

शेवटी मागच्या खोलीत मोबाइल उभा करून व्हिडिओ सुरू झाला. दोन्ही कर्नल टेबलावर होते. जगदीशने बनावटीवर दोन वाक्यं कशीबशी बोलून दाखवली. कुंदन मात्र रंगात आला. "हा बघा. पाच सांधे. पण उभा कसा आहे? आणि ही सलामी. सव्वीस वर्षांत हा हात खाली आलेला नाही. याला म्हणतात मजबुती." बोलताना तो कर्नलचं डोकं वळवत होता, पाय हलवत होता. उजव्या हाताजवळ मात्र त्याचं बोट एकदाही गेलं नाही.

दारात गुंताबाई उभी होती. तिचा शपथेवर विश्वास होता, पण घरच्या कामाची कुणी कदर करू नये हे तिला सोसेना. "भाऊ, तो हात फिरीसनी दखाड ना लोकसले. फिरस तो."

कुंदनचा चेहरा पडला. "नको आजी, त्याला हात लावू नका."

"अरे, काही व्हत नही," असं म्हणत ती पुढे आली आणि तिने सलामीचा हात धरून गरकन पूर्ण गोल फिरवला. हात खाली आला, मागे गेला, वर आला आणि पुन्हा सलामीत थांबला.

जगदीशने डोळे मिटून घेतले. आता सांगावंच लागणार होतं. त्याने तोंड उघडलं, पण आधी कुंदनचाच आवाज आला.

"फिरला कसा?" तो हळूच म्हणाला. "तो तर चिकटवलेला होता."

मोबाइल चालूच होता. कुंदनने खुर्ची मागे सरकवली. "दादाने आणला त्याच आठवड्यात माझ्याकडून मोडला. त्याने बजावलं होतं, नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. मी गुपचूप गोंदाने चिकटवला. सलामी म्हणजे काय, जसा बसला तसा बसला. दादाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग लोक विचारायला लागले की हात का हलत नाही, तेव्हा हे मजबुतीचं बोलायला लागलो."

"तीन वर्षं?" जगदीश म्हणाला.

"तीन वर्षं तुझ्याशी. बाकीच्यांशी सव्वीस."

मग जगदीशने आपली बाजू सांगितली, गच्ची, लुगडं, समई, दाभण, सगळं. कुंदन ऐकत होता आणि ऐकता ऐकता कर्नलचा हात सावकाश फिरवत होता, एकदा पुढून, एकदा मागून. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता. बऱ्याच वेळाने त्याचं लक्ष जपानी कर्नलकडे गेलं. त्याने त्याचा उजवा हात धरला, हलवून पाहिला. हात जागचा हलेना.

"आणि हा?"

"तो फिरत नाही," जगदीश म्हणाला. "पण मजबूत आहे."

तो व्हिडिओ त्यांनी कधी कुणाला दाखवला नाही. कुंदन रात्रीच्या बसने धुळ्याला गेला, जाताना आपला कर्नल त्याने पिशवीत न ठेवता हातातच धरला होता.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, भाऊबंद पांगले, आणि मंगळवारी जगदीश आईला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, गुडघा साधारण किती वाकतो? जगदीशने पिशवीतून लांबट वही काढून पुढे सरकवली. डॉक्टरांनी चष्मा नाकावर घेऊन वाचलं, "गुंताबाई. निर्मिती, गिरणेला मोठा पूर आला ते साल. उजवा गुडघा पासष्ट, डावा एकशे दहा. शेरा, लक्ष द्यायला उशीर झाला." त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. "मापं चांगली घेतलीत. पण हे खालचे कर्नलसाहेब कोण? गुडघे एकशे पस्तीस आणि उजवा खांदा एकदम शून्य. यांना नाही आणलंत?"

जगदीशने वही मागे ओढली, तेवढ्यात गुंताबाईने पदर सारखा केला.

"त्यासले नका बलावू, डाक्तरसाहेब," ती म्हणाली. "त्यासनी आपला खांदा दोस्तले दी टाकेल शे."