माझी पाणबुडी आणि मेहुण्याचं ‘बस’

पाणबुडी बांधणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. लोक उगाच बाऊ करतात! मी आयुष्यभर पाण्याच्या टाक्या बांधत आलोय. टाकीत पाणी आत आणि माणूस बाहेर. पाणबुडीत माणूस आत आणि पाणी बाहेर. फरक एवढाच!

हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुमच्या टाक्या गळतात.”

“आजवर एकच गळली!”

“ती आपल्याच घरावरची.”

तरी मी बांधलीच. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये, दोन उन्हाळे खपून. आकाराने जाडजूड गाजरासारखी, रंगही तोच. वर माणूस उतरेल एवढं झाकण, पुढे गोल काच, मागे पंखा. पोटात दोन टाक्या. बुडायचं तर त्यांत पाणी घ्यायचं, वर यायचं तर हवेचा नळ सोडून ते बाहेर ढकलायचं. पोरखेळ!

रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर पोचलो. मेहुण्याची जीप, मागे माझा ट्रेलर, ट्रेलरवर दोन पट्ट्यांनी आवळलेलं गाजर. होड्या उतरवायला तिथे सिमेंटचा उतार आहे. बायकोने जीप हळूहळू मागे घ्यायची, ट्रेलरची चाकं पाण्यात गेली की पट्टे सोडायचे, की पाणबुडी आपोआप तरंगत बाहेर. मी आत असणार. आतून एकदा ठोकलं तर ‘थांबा’, दोनदा ठोकलं तर ‘चालू द्या’.

“आणि तीनदा?” बायकोने विचारलं.

“तीनदा कशाला लागेल?” मी हसलो आणि आत उतरलो.

झाकण लावलं आणि हसू आटलं. शेडमध्ये मी याच खुर्चीत बसून पेपर वाचायचो, तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता बाहेरचे आवाज एकदम नाहीसे झाले. नुसता माझा श्वास. तोही असा, जणू मागे दुसरंच कुणी बसून माझ्या मानेवर सोडतंय! तरी मी दोनदा ठोकलं. माणसाला अब्रू असते.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मेहुण्याने मागचा पट्टा सोडला. पुढचा ताई सोडेल असं त्याला वाटलं. दोन्ही हाच सोडणार असं ताईला वाटलं. चाकं कितपत बुडालीत ते पाहायला ती जीपमधून उतरली. ते बघून मेहुण्याला वाटलं, झालं, आता पुरे. तो ओरडला, “ताई, बस!”

बायको बिचारी जीपमध्ये जाऊन बसली.

“अगं, बस, बस!”

“बसलेय रे! मागे घेऊ?”

इंजिनाच्या घरघरीत त्याला ऐकूच गेलं नाही. त्याने दोन्ही हात हलवले. हात हलवणारा माणूस बोलावतोय की हाकलतोय, हे आरशात कळत नाही. तिने जीप मागे घेतली!

उताराचा खालचा भाग शेवाळाने माखलेला. जीप घसरायला लागली. बायकोने ब्रेकवर उभं राहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तरी जीप आपली तळ्याकडे! मेहुणा धावला आणि त्याने जीप आणि ट्रेलर जोडणारी खीळच उपटली. जीप जागेवर थांबली. ट्रेलर सुटला, आणि ट्रेलरच्या पाठीवर बांधलेला मीसुद्धा.

काचेबाहेर हिरवं झालं, मग तपकिरी, मग काळं. खाली कुठेतरी धप्प झालं. मग काहीच नाही.

मी हवेचा नळ सोडला. शेपटी उचलली गेली, पण नाक जागचं हलेना! पट्ट्याचं मला काय ठाऊक? मला वाटलं, तळ्यातल्या कशानेतरी मला धरलंय. बघता बघता पाणबुडी डोक्यावर उभी राहिली. पाना कपाळावर आला, बाटली नाकावर, टॉर्च कुठे गेला तो गेलाच. गुडघे कानांना लागले. मी चाचपडत मोटर पूर्ण वेगात सोडली. घरघर झाली, बाकी काही नाही. आणि मग मानेवर एक गार थेंब पडला. मग दुसरा.

तुमच्या टाक्या गळतात!

मी ठोकायला लागलो. पान्याने, मुठीने, डोक्याने. ओरडायला गेलो तर शिट्टीच निघाली.

वर मेहुणा मान वाकडी करून ऐकत होता. “ताई, दोन म्हणजे चालू द्या ना? हे तर पन्नास झाले. दाजी भलतेच मजेत आहेत!”

बायको पांढरी पडली. “ते मजेत असले की गप्प असतात,” ती म्हणाली आणि साडीसकट पाण्यात शिरली.

नशीब, शेजारीच एक होडीवाला होता. त्याने तिला वर ओढून घेतलं आणि होडी माझ्या शेपटीपाशी आणली. हो, शेपटी पाण्याबाहेर होती! पंखा हवेत गरगरत होता आणि काठावरच्या मंडळींना वारा घालत होता.

मला यातलं काही दिसत नव्हतं. मला फक्त ऐकू आलं: ठक्. एकदाच.

थांबा.

मी थांबलो. मोटर बंद केली, हात खाली घेतले, श्वास आवरला. लग्न झाल्यापासून तिचं इतकं मुकाट्याने मी ऐकलं नव्हतं. थोड्या थोड्या वेळाने तो ठोका येत राहिला, आणि प्रत्येक ठोक्याला मी स्वतःला सांगत राहिलो, आहे, ती आहे.

होडीवाल्याने शेपटीच्या कडीला दोर बांधला. दुसरं टोक जीपला. मग असा कर्कश खरवडण्याचा आवाज झाला की दात शिवशिवले, आणि माझी वरात निघाली: पुढे जीप, मागे उलटी पाणबुडी, तिच्या नाकाला लोंबकळणारा ट्रेलर!

झाकण उघडलं तेव्हा आधी बायकोचा हात आत आला. त्याने माझी कॉलर पकडली आणि सोडलीच नाही.

“दाजी, दीड पुरुषच पाणी होतं हो,” मेहुणा म्हणाला.

“आतून तळं कसं दिसतं?” होडीवाल्याने विचारलं.

“काळं,” मी म्हणालो.

परतताना घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, “पुढच्या रविवारी मी आत बसणार. जीप तुम्ही चालवायची.”

“वेड लागलंय का? झाकण गळतंय!”

“दुरुस्त करा. आत काय, नुसतं घाबरायचं असतं. बाहेर उभं राहून काय होतं, ते एकदा तुम्ही बघा.”

मी हातापाया पडलो, पाणबुडी मोडीत काढतो म्हणालो, रुसलोसुद्धा. पण तिचं ठरलं ते ठरलं!

झाकणाचं रबर मी तीनदा बदललंय. दोर दुप्पट जाड आणलाय. शेवाळ खरवडायला ब्रश घेऊन दोनदा तळ्यावर जाऊन आलो. होडीवाला आता मला पगारी माणूस समजतो. तरीही झोप येईना. शेवटी काल दुपारी घरात कुणी नसताना मी जीप आणि ट्रेलरचा जोडच वेल्डिंग करून टाकला. पक्का! आता कुणाच्या बापाला ती खीळ उपटता येणार नाही.

फक्त मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी तो हीच जीप घेऊन नोकरीच्या मुलाखतीला जाणार आहे.