कवटीखालची बारीक अक्षरं

[ चिन्ह: कवटी, खाली दोन हाडं ]

मुख्याध्यापकांनी चिमूट तोंडात टाकली, सुखानं डोळे मिटले, आणि उघडले तर समोर बाटलीवर कवटी.

काल तिथं कवटी नव्हती. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून घरचे डबे बायकोच्या कुलपात होते. शाळेत मात्र हुकूम सरांचा. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेची ‘पाहणी’ करायची आणि ग्लुकोजची बाटली हलकी करून निघायचं, हा त्यांचा नेम. आजही हात सवयीनं फडताळात गेला, नजर मागाहून पोचली.

चव गोडच होती. पण ‘मुलांनो, विष गोडही असतं, आधी लेबल वाचा,’ असं भाषण कालच त्यांनी ठोकलं होतं.

[ चिन्ह: उद्गारवाचक ]

रसायनशास्त्राच्या बाई आत आल्या. "सर, काही हवं होतं?"

"छे! सहज. समजा बाई, एखाद्या गाढवानं कवटीवालं काही खाल्लं, तर?"

बाईंचा चेहरा खुलला. "गाढवानं, की विद्यार्थ्यानं?"

"प्रौढ गाढवानं."

"किती खाल्लं?"

"चिमूटभर. म्हणजे, आज."

"आज म्हणजे? रोज खातं की काय?"

"समजा हो!"

"मग घाम फुटतो. घशाला कोरड पडते. पाय लटपटतात."

सरांनी टेबलाची कड धरली. तिन्ही लक्षणं हजर होती.

[ चिन्ह: छाती तडकलेला माणूस ]

भिंतीवरच्या धोक्याच्या चिन्हांच्या तक्त्यात हा माणूस होता. तक्त्याचं उद्घाटन सरांनीच केलं होतं, न वाचता.

"याला काय झालंय?"

"हळूहळू आतून पोखरलाय बिचारा. वरून कळत नाही."

सरांनी नकळत छाती चाचपली. "उपाय?"

"बाटली घेऊन डॉक्टर गाठायचा. आणि खरं सांगायचं. डॉक्टरांना, घरीसुद्धा."

‘घरी’ ऐकल्यावर सरांना क्षणभर विषच बरं वाटलं. मग जिवाची ओढ जिंकली.

"बाई, ते गाढव मीच! गाडी बोलवा. बायकोला... नको, आधी गाडी!"

बाईंनी शांतपणे बाटली पुढे केली. "सर, खालची बारीक अक्षरं वाचा."

सरांनी चष्मा लावला. ‘ग्लुकोज. चोर सापडेपर्यंत कवटी राहील.’

घाम जागच्या जागी वाळला आणि आवाज परत आला. "प्रयोगशाळेत खोटं लेबल? लेखी खुलासा द्या!"

"देते की. बाटली कोणी चाखली, तेही लिहीन."

सर खाली बसले. "कशाला उगाच कागद वाया घालवता?"

"बरं. पण सर, तुमच्यापुरतं लेबल खोटं नाही हं."

[ चिन्ह: नाही. नुसतं स्वयंपाकघर ]

संध्याकाळी घरी फडताळावर डबे ओळीनं मांडलेले. कुलूप गायब. प्रत्येक डब्यावर कवटी.

"तुमच्या बाई येऊन गेल्या," बायको म्हणाली. "गुणाची बाई! उरलेली लेबलं मला देऊन गेली."

सर हसले. आता ते फसणार नव्हते. "म्हणजे सगळ्यांत साखर, बिस्किटंच ना?"

"एक सोडून. एकात झुरळांची पावडर आहे. कशात, ते खाली बारीक अक्षरांत लिहिलंय."

सरांनी खिसा चाचपला. मग टेबल. मग दुसरा खिसा.

"अगं, माझा चष्मा कुठाय?"

"कुलपात," बायको म्हणाली.