फ्रॉकला लावलेली किल्ली

दुपारी बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी मी गाडीची किल्ली सेफ्टी पिनने छकुलीच्या फ्रॉकला लावली. (वेळ पक्की आठवते, कारण दर तासाला मी तिचा ताप बघत होते. ताप नव्हताच, पण आला तर?)

आमच्या ह्यांनी त्या सहलीत तीनदा किल्ली हरवली होती. जिच्यावरून माझी नजर हटत नाही, तिच्याच अंगावर किल्ली असलेली बरी, असा मी विचार केला. अशी युक्ती घरात मलाच सुचते.

समुद्राकाठचं ते गाव एवढंसं, की नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल. रस्ता अरुंद. कुणी गाडीला धडकलं तर? म्हणून मीच हट्टाने गाडी खाली मोकळ्या वाळूवर लावायला लावली. जाळं शिवत बसलेली आजी म्हणाली, "बाई, इथं कुणी गाडी लावत नाही. भरती येते."

"दहा मिनिटांत निघतोय," मी म्हटलं. "आणि कुणी लावत नाही तेच बरं. धक्का लागायला नको."

हे एकटेच दीपगृह बघायला गेले. छकुली मागच्या सीटवर झोपली होती. खारा वारा लागू नये म्हणून मी सगळ्या काचा वर केल्या, पाय मोकळे करायला उतरले, आणि चोराच्या भीतीने सवयीप्रमाणे सगळे खटके दाबून दार लावलं.

दोन पावलं गेले आणि किल्ली कुठे आहे ते आठवलं.

मागे वळले, तर चाकांना पाणी लागलं होतं. मी किंचाळले तशी छकुली जागी झाली आणि काचेला नाक लावून माझ्याकडे बघून हसायला लागली. हे धावत आले.

"किल्ली कुठाय?"

"सुरक्षित आहे."

"अगं, पण कुठे?"

मी काचेकडे बोट केलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पाणी गुडघ्याला लागलं. ह्यांनी धोंडा उचलला.

"मागची काच नको! तुकडे तिला लागतील!"

"मग पुढची?"

"हळू फोडा, दचकेल ती!"

"बाजूला व्हा दोघं," म्हणत आजी लंगर घेऊन आली आणि एका घावात पुढची काच फोडली. ह्यांनी आत हात घालून खटका काढला, मागे वाकून पोर ओढून माझ्या हातात दिली. मी तिला इतकी आवळली की आता ती खरंच रडली.

मग किल्ली काढायला गेलो. पिन सुटू नये म्हणून वरून मी दोऱ्याने शिवलंही होतं, सात टाके. आजीने कात्री आणेपर्यंत इंजिनात पाणी गेलं होतं. किल्ली तेवढी कोरडी राहिली.

छकुलीने विचारलं, "आई, तू बाहेर का उभी होतीस?" मी तिचा ताप बघितला.

गाडी तिथेच रुतली आहे. परवा आजीचा निरोप आला, "राहू द्या. इथं 'गाडी लावू नका' अशी पाटी लावायची म्हणत होतो, आता गरज नाही." तेव्हा ओळखीच्या सगळ्या आयांना एवढं सांगा: किल्ली स्वतःच्या गळ्यात बांधा. फक्त हे कुणी शिकवलं ते सांगू नका. तिकडे गाडी दाखवून सांगतातच.