मोकळ्या आठ मात्रा

छावणीतले आमचे शेजारी हनीफभाई दूध आणायला उलटे चालत जातात. पाठ दुकानाकडं, तोंड घराकडं. चाळीस वर्षं ते लग्नाच्या बँडचे मास्टर होते. वरातीत मास्टर आपल्या माणसांकडं तोंड करून चालतो, रस्ता त्याच्या पाठीमागं असतो. बँड बंद पडला, ती चाल काही सुटली नाही. परवा भाजीच्या गाडीवर आदळले. भाजीवाली ओरडली, "ओ चाचा, पाठीला डोळे हायत का?"

"गाडी बेताल खडी है बाई तुम्हारी," हनीफभाई शांतपणे म्हणाले.

सगळं जग तालात असावं एवढंच त्यांचं म्हणणं. माझी स्कूटर आचके देऊ लागली की खिडकीतून आवाज येतो, "सर, बीट गिरी!" आमच्या कुकरची शिट्टी लांबली तर दारावर थाप पडते, "भाभी, तिसरी लेट हुई."

मागच्या वर्षी ते दारात येऊन म्हणाले, "गाना बनाना है, सर. रॉक. आजकल के छोरों पे."

मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून यमकं माझ्या वाट्याला आली. अभ्यास म्हणून ते कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसू लागले. गुडघ्यावर फाटलेली जीन्स विकत घेतली आणि दुसऱ्याच दिवशी शिंप्याकडून रफू करून आणली. "हवा लगती, सर. घुटने दुखते."

गाणं असं सुरू व्हायचं:

अब्बा बोले, उठ रे बेटा, सूरज सिर पे आया,
बेटा बोला, ठहरो अब्बा, चार्जिंग नै हो पाया!

क्लॅरिनेट त्यांचं, बँडचा मोठा ढोलही त्यांचाच. उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओत तीन दिवस रेकॉर्डिंग चाललं. रेकॉर्डिस्ट हसून हसून खुर्चीवरून घसरायचा. फक्त दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबायची. आठ मात्रा नुसता ढोल, हलका.

"इथं काय?" मी विचारलं.

"रैने दो," हनीफभाई म्हणाले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांच्या बँडचा नियम मी लहानपणापासून पाहत आलो होतो. वाजवणारा आला नाही, तर रांगेत त्याच्या जागी दुसरा उभा करायचा नाही. एक माणूस मावेल एवढी फट ठेवून वरात चालायची. "जगह उसकी है. आएगा," असं ते म्हणत.

त्यांचा मुलगा सलीम गिटार वाजवायचा. एकदा सगळ्या गल्लीसमोर हनीफभाई त्याला म्हणाले होते, "ये बाजा नै, मच्छर है." लोक हसले. मीही हसलो. सलीम पुण्याला निघून गेला. त्याची आई वारली तेव्हा येऊन गेला, आता ईदला तेवढा फोन करतो.

शेवटच्या दिवशी हनीफभाईंना ताप होता. मी एकटाच स्टुडिओत गेलो. "सर, ही जागा रिकामी वाटते," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "माझ्याकडं गिटार आहे, टाकू का?"

"टाका," मी म्हणालो. वर उत्साहाच्या भरात गाणं मीच सलीमला पाठवलं. वाटलं, बापाचं गाणं ऐकून पोरगा हसेल.

संध्याकाळी हनीफभाईंना ऐकवलं. पलंगावर बसून ते पायानं ताल देत होते. दुसरं कडवं संपलं, गिटार सुरू झाली आणि पाय थांबला. इतक्या वर्षांत त्यांची बीट गेलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"अच्छा हाथ है," ते म्हणाले. मग बराच वेळ रफू केलेल्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. "गाना सलीम को भेजना था, सर. बोलना था, बेटा, इतनी जगह तेरी है."

मी गाणं आधीच पाठवलंय, हे न सांगताच मी उठलो. घरी आलो तर सलीमचं उत्तर आलेलं होतं. "मस्त है अंकल. गिटार भी अच्छा. अब्बा को मिल गया कोई."

ते मी अजून त्यांना दाखवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन गाण्यातली गिटार काढून घेतली. गाणं पुन्हा सलीमला पाठवलं आणि खाली सगळं खरं लिहिलं. चूक माझी आहे, अब्बांनी जागा तुझ्यासाठीच ठेवली होती, हेही. मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. पुढं काही आलं नाही.

ताप उतरल्यावर हनीफभाई पुन्हा दुधाला निघाले, पाठ दुकानाकडं, तोंड घराकडं. मीही पिशवी घेऊन बाहेर पडलो आणि त्यांच्यासमोर चालू लागलो. रस्त्याच्या मधोमध होतो. त्यांनी हातानं खूण केली, जरा बाजूला.

मी डावीकडं सरकलो. उजवीकडं एक माणूस मावेल एवढी जागा राहिली. हनीफभाईंनी मान हलवली आणि उलटं पाऊल टाकलं.