वाफेवरचे व्याही

दुपारी बाराला कुठे निघायचं असलं, की आमचे व्याही नारखेडे सकाळी सातलाच बूट घालून सोफ्यावर बसतात. "थंड इंजिन निघत नसतं, विहीणबाई. वाफ धरायला वेळ लागतो."

वय ऐंशीच्या पुढे. उमेदीची सगळी वर्षं भुसावळला, मालगाडीच्या कोळशाच्या इंजिनावर गेली. आधी फायरमन, मग ड्रायव्हर. इथल्या विजेच्या गाडीला ते गाडीच म्हणत नाहीत. "ही तर आडवी केलेली लिफ्ट."

माझ्या मुलीने, मुग्धाने, त्यांचा मुलगा पसंत केला तेव्हा मला, पुण्याच्या या विदुषीला, झोप लागेना. काळजी कसली? तर सोफ्याचे पांढरे अभ्रे काळे होतील ही. आता एनस्खेडे या डच शहरात आम्ही सगळे एकाच घरात आणि सोफाही एकच.

दर शनिवारी व्याही गावाबाहेरच्या शेडमध्ये जातात. तिथे काही डच म्हातारे हौसेने जुनी वाफेची इंजिनं चालवतात. हे मराठीत बोलतात, ते डचमध्ये. सगळेच अर्धे बहिरे, त्यामुळे कुणाचं अडत नाही. इंजिन पुसून झालं की व्याही तिथेच साबणाने तोंड खसखसून धुतात आणि भांग पाडून घरी येतात.

हा थाट विमलताईंसाठी, त्यांच्या पत्नीसाठी. विमलताईंना हल्ली माणसं आठवत नाहीत. "हा कोण परका?" म्हणतात आणि नवऱ्याच्या हातचा घास घेत नाहीत. त्यांना मी भरवते. व्याही दारात उभे राहून बघतात.

मागे एका शनिवारी शेडमधलं पाणी बंद होतं. व्याही कोळशाने माखलेले तसेच घरी आले. "बाबा, आधी तोंड धुवा," मुग्धा म्हणाली. तेवढ्यात विमलताईंनी मान वर केली.

"आज लेट झाली का गाडी?"

व्याह्यांनी बूट काढून दाराशी ठेवले. मग म्हणाले, "हो. सिग्नल मिळाला नाही."

"बसा मग. जेवण निवलं."

त्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या हातून वरणभात खाल्ला. रविवारी धुतलेला चेहरा पाहून पुन्हा पाठ फिरवली.

शनिवार आठवड्यातून एकदाच येतो, आणि इंडक्शनवरच्या तव्याला काजळी धरत नाही. म्हणून मुग्धाने स्वयंपाकघरातली धुराची घंटा काढून ठेवलीय. रोज जेवणाआधी मी तुपाचा दिवा लावते आणि त्यावर पितळी ताटली धरते. व्याही समोर स्टुलावर डोळे मिटून बसतात. मी बोटाने त्यांच्या गालांना काजळी लावते.

"कपाळाला नको," ते हळूच म्हणतात. "तिथे रुमाल बांधलेला असायचा."